बदकाला चकवायचं, तर आधी गवत व्हायचं!

बदकांच्या शिकारीत बंदुकीपेक्षा मोठं हत्यार कोणतं? अमेरिकेतल्या जुन्याजाणत्या शिकाऱ्याला विचारलं, तर उत्तर मिळतं- लपण! आभाळातल्या तीक्ष्ण डोळ्यांना चुकवण्यासाठी माणसाने खड्डे खणले, होड्यांवर गवत चढवलं, शवपेटीसारख्या पेट्यांत आडवं होऊन पाण्यात उतरायचीही तयारी ठेवली. ही कला इतकी पुढे गेली, की शेवटी बदकांच्या बाजूने कायद्यालाच उभं राहावं लागलं. आणि आपल्या भारतात? इथे लपणातून बंदूक गेली, दुर्बीण आली. त्या लपाछपीचीच ही गोष्ट...

डिसेंबरातली पहाट. सूर्य उगवायला अजून पाऊण तास आहे. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या स्टटगार्ट गावाबाहेर भाताची खाचरं पसरली आहेत. पीक केव्हाच कापून झालंय. मालकाने मुद्दाम पाणी भरून ठेवल्याने धसकटांमधून वीतभर पाणी चमकतंय. पाण्यावर शे-दीडशे बदकं निवांत तरंगताहेत. बांधावर वाळक्या गवताचा एक उंचवटा आहे. बाकी सगळीकडे सामसूम.

पण ती शे-दीडशे बदकं प्लास्टिकची आहेत! आणि गवताच्या उंचवट्याखाली लोखंडी खोका पुरलेला आहे. त्यात बाकड्यावर चार माणसं आणि एक लॅब्रेडॉर कुत्रा चिडीचूप बसलेत. झुंजुमुंजू होताच उत्तरेकडून हिरव्या डोक्याच्या मलार्ड बदकांचा थवा येतो. एक गिरकी, दुसरी गिरकी... खोक्यातला एक जण ओठांशी धरलेल्या लाकडी शिट्टीतून बदकाचा आवाज काढतो. थवा पंख आखडून खाली उतरू लागतो. एवढ्यात कोणीतरी मान वर करून पाहतं. बस्स! तेवढा गोरा चेहरा चमकतो आणि सगळा थवा उसळी मारून दिसेनासा होतो.

दोन तासांची तयारी, शेकडो डॉलरचं सामान आणि थंडीत काकडणं, सगळं एका चेहऱ्यापायी पाण्यात! अमेरिकेत दर हिवाळ्यात लाखो लोक बदकांच्या आणि हंसवर्गीय गूज पक्ष्यांच्या शिकारीला जातात. त्यातल्या प्रत्येकाला हा धडा कधी ना कधी मिळतो. नेमबाजी नंतरची गोष्ट. आधी दिसेनासं व्हायला जमलं पाहिजे.

चौफेर डोळा

मलार्डचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न हलवताही त्याला भोवतालचं जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसतं. माणसाला दिसतं ते साधारण अर्धं वर्तुळ. रंगांच्या बाबतीतही पक्षी आपल्या पुढे आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, तर पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही अनेक पक्ष्यांना जाणवतात. म्हणूनच कपडे जादा शुभ्र करणाऱ्या पावडरीत शिकारीचे कपडे धुवायचे नाहीत, असा दंडक बरेच शिकारी पाळतात.

त्यात बदक पाहतं ते वरून. माणूस समोरून पाहून म्हणतो, 'वा, काय झकास लपलोय!' पण आभाळातून दिसतो तो एक काळा चौकोन, म्हणजे लपणाच्या आतली सावली. निसर्गात सरळ रेषा आणि काटकोन सहसा नसतात. झाडाझुडपांत नीट कापलेली कड दिसली, की पक्षी बिचकतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे हालचाल. गवताच्या रंगात थोडी गफलत झाली तर चालून जाईल, पण नको त्या क्षणी हललेला हात चालत नाही.

वारा पाठीशी, सूर्यही पाठीशी

लपण कसं असावं, याच्या आधीचा प्रश्न असतो, ते कुठे असावं? जाणता शिकारी आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन नुसता फिरतो. पक्षी सकाळी कुठे चरतात, दुपारी कुठे विसावतात, कोणत्या वाटेने येतात, हे पाहून ठेवतो. पक्ष्यांना जिथे जायचंच नाही तिथे राजवाड्यासारखं लपण बांधलं, तरी दिवसभर हात चोळत बसावं लागतं. उलट त्यांची रोजची जागा हेरली, तर साध्या झुडपाआडूनही काम भागतं.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. विमानासारखी बदकंही वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात. त्यामुळे वेग आपोआप कमी होतो. म्हणून वारा शिकाऱ्याच्या पाठीकडून पाण्याकडे वाहता असेल, तर पक्षी समोरून येतात. मात्र अगदी नाकासमोर आले, तर त्यांची नजरही थेट लपणावरच पडते. म्हणून काही शिकारी लपण थोडं बाजूला ठेवतात. पक्षी आडवे उतरतात आणि नजर लपणाकडे नाही, खोट्या बदकांकडे राहते.

तिसरा हिशेब सूर्याचा. सूर्य पाठीशी असला, तर पक्ष्यांचे डोळे दिपतात आणि शिकाऱ्याचा चेहरा सावलीत राहतो. समोर असला, तर चेहरा आरशासारखा उजळतो.

मग येते खोट्या बदकांची मांडणी. त्यांना म्हणतात डिकॉय. ती रांगेत मांडायची नसतात. दोन-चारचे घोळके करायचे आणि मध्ये एक मोकळी जागा सोडायची. उतरणाऱ्या पक्ष्याला वाटावं, 'अरे वा, आपल्यासाठी जागा आहे!' ही मोकळी जागा बंदुकीच्या टप्प्यात, साधारण तीस-पस्तीस यार्डांत ठेवली जाते. पक्षी दूर असताना छर्रे झाडले, तर तो मरत नाही. जखमी होऊन उडून जातो आणि कुठेतरी तडफडत राहतो. चांगल्या लपणाच्या बाजूने शिकारी जो सर्वांत सबळ मुद्दा मांडतात, तो हाच. पक्षी जवळ आला, तर वार वाया जात नाही आणि जखमी पक्षी मागे राहत नाही.

जशी जागा, तसं लपण

भाताच्या शेतात बांधाला लागून पुरलेला लोखंडी किंवा फायबरग्लासचा खोका, हे झालं खड्ड्याचं लपण. जमिनीच्या पातळीवर असल्याने ते सर्वांत कमी दिसतं. पण एकदा पुरलं की हलवता येत नाही. पक्ष्यांनी जागा बदलली, तर खोका तिथेच आणि पक्षी तीन मैलांवर!

सरोवरांत खांबांवर उभी केलेली कायमची लपणं असतात. टेनेसी राज्यातलं रीलफूट सरोवर त्यासाठी प्रसिद्ध आहे. १८११-१२ च्या भूकंपांनी जमीन खचून हे सरोवर तयार झालं. इथल्या लपणांत बाकडी आणि शेगडीही आढळते. बाहेर बदकांची वाट पाहायची आणि आत अंडी तळायची, असा थाट!

गूज पक्ष्यांची गोष्ट वेगळी. ते चरायला कापणी झालेल्या मक्याच्या नाहीतर गव्हाच्या मोकळ्या शेतात उतरतात. तिथे आडोसा म्हणून काही नसतंच. मग शिकारी आडवा पडतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणलेल्या कापडाची, माणसाच्या लांबीची, अगदी बुटकी ही पिशवी. तिच्यात पाठीवर झोपायचं आणि पक्षी आले की छातीवरचे दोन पडदे दारासारखे उघडून उठून बसायचं. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांचं हे काम नाही. म्हणून हल्ली इंग्रजी 'ए'च्या आकाराच्या घडीच्या चौकटी लोकप्रिय झाल्या आहेत. शेताच्या कुंपणाला लावून उभ्या केल्या, वरून गवत खोचलं की बांधावरचं झुडूप तयार. चार-सहा जणांना आत बाकावर बसता येतं.

होडीवर चढवायचं लपण हा आणखी एक प्रकार. होडीच दलदलीत घुसवायची आणि तिच्याभोवती गवताचे पडदे उभे करायचे. आणि सर्वांत स्वस्त लपण आर्कान्साच्या पाणी भरलेल्या जंगलात मिळतं. तिथे काही बांधावंच लागत नाही. मांडीभर पाण्यात झाडाच्या बुंध्याला, सावलीच्या बाजूने चिकटून उभं राहायचं आणि पायाने पाणी ढवळायचं. वरून जाणाऱ्या बदकांना लाटा दिसतात. त्यांना वाटतं, खाली आपले भाऊबंद पोहताहेत.

नवं कोरं दिसलं, की घात झाला

बाजारातून आणलेलं लपण कितीही महागाचं असो, तसंच शेतात नेऊन ठेवलं तर वरून ते ठिगळासारखं दिसतं. नव्या कापडाला चमक असते. म्हणून पहिलं काम चिखल फासण्याचं. त्याच शेतातला चिखल पाण्यात कालवून कापडावर थापायचा, वाळू द्यायचा आणि झटकायचा. शिवणीत बसलेली माती चमक मारते आणि रंगही तिथल्याच जमिनीचा येतो.

दुसरं काम गवत खोचण्याचं. लपणावर त्यासाठी पट्ट्या शिवलेल्या असतात. नियम एकच. जे आजूबाजूला उगवलंय, तेच वापरायचं. मक्याच्या शेतात मक्याची धसकटं, दलदलीत पाणकणीस, ओढ्याकाठी तिथलीच झुडपं. पण गवत लपणाच्या अगदी शेजारचं उपटायचं नाही. तिथेच उघडं मैदान झालं, तर लपवलं काय आणि दाखवलं काय! गवत थोडं दुरून, विरळ-विरळ कापून आणायचं. कापलेली हिरवी पानं दोन दिवसांत वाळून रंग बदलतात, म्हणून हंगामभर डागडुजी करत राहावं लागतं. बर्फ पडला, तर गवतावर पांढरी चादर घालावी लागते.

तिसरं काम सावली मोडण्याचं. उभ्या भिंतीची सावली लांबवर पडते. बाजूंना उतार दिला आणि पायथ्याशी गवत पसरलं, की सावलीची कड पुसट होते. वरची उघडी जागा गवताच्या झापांनी झाकली, की आतला काळा चौकोन नाहीसा होतो.

मग राहतात बारीकसारीक गोष्टी, आणि मासा निसटतो तो त्यातूनच. पितळी बुडाची रिकामी काडतुसं उन्हात चकाकतात, ती उचलायची. थर्मासचं झाकण, घड्याळाची काच, चष्मा सांभाळायचा. चेहऱ्यावर जाळी किंवा काळा-तपकिरी रंग लावायचा. टोपीच्या कडेखालून पाहायचं, मान वर करायची नाही. कुत्र्यासाठीही छोटं लपण असतं. अंगावर थवा घोंगावत असताना ढिम्म बसायला शिकलेला कुत्रा शिकाऱ्याला सोन्याहून प्यारा.

दोन हजार वर्षांपूर्वीची खोटी बदकं

ही लपाछपी आजची नाही. १९२४ साली अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत उत्खनन चालू असताना एका टोपलीत अकरा बदकं सापडली. लव्हाळ्यासारख्या पाणगवताची जुडी वळून, बांधून ती घडवलेली होती. काहींवर रंग दिलेला, काहींना पिसं लावलेली. वय सुमारे दोन हजार वर्षं! आदिवासी शिकाऱ्यांनी पुढच्या खेपेसाठी नीट गुंडाळून ठेवलेली ती बदकं न्यायला पुन्हा कोणी आलंच नाही.

युरोपात डच लोकांनी वेगळी युक्ती काढली. तळ्याला फुटलेले निमुळते कालवे, त्यांवर जाळी आणि काठाने तिरप्या बसवलेल्या बोरूच्या ताट्या. ताट्यांआड माणूस चालायचा आणि मधल्या फटींतून एक छोटा कुत्रा दिसायचा, लपायचा. कुतूहलाने बदकं त्याच्यामागे कालव्यात शिरायची आणि जाळ्यात अडकायची. इंग्रजीतला 'डिकॉय' हा शब्द याच डच सापळ्याच्या नावावरून आला, असं मानलं जातं.

पुढे अमेरिकेत खोटी बदकं कोरणं ही मोठी लोककला झाली. मॅसॅच्युसेट्सचे एल्मर क्रॉवेल हे त्यातले बिनीचे कारागीर. शिकाऱ्यांसाठी बदकं कोरता कोरता त्यांनी घडवलेल्या दोन लाकडी पक्ष्यांना २००७ साली प्रत्येकी अकरा लाख डॉलरहून जास्त किंमत आली. खऱ्या बदकाच्या शिकारीला निघालेल्या माणसाने खोट्या बदकाला कोट्यवधींचं केलं!

पाण्यातली शवपेटी

एकोणिसाव्या शतकात मात्र लपणाने भयंकर रूप घेतलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात हिवाळ्यात कॅनव्हासबॅक बदकांचे थवेच्या थवे उतरत. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत या बदकाच्या मांसाला सोन्याचा भाव. तिथे धंदेवाईक शिकाऱ्यांनी 'सिंकबॉक्स' वापरात आणला. माणूस मावेल एवढी लाकडी पेटी, तिला चहूबाजूंनी पाण्यावर पसरणारे सपाट पंख. पंखांवर लोखंडी बदकं ठेवून वजन द्यायचं, म्हणजे पेटी पाण्याच्या पातळीला येते. आत माणूस उताणा झोपलेला. भोवती शेकडो लाकडी बदकं. आभाळातून पाहणाऱ्या पक्ष्याला तिथे माणूस असल्याची पुसटशीही शंका येत नसे. एक लाट जोरात आली तर आतल्या माणसाला जलसमाधीच, पण कमाईपुढे भीती कोणाला?

सोबतीला असत पाय बांधून पाण्यात सोडलेली जिवंत बदकं. ती ओरडून आपल्याच भाईबंदांना बोलवत. पाण्यात धान्याची रास टाकून आमिष दाखवलं जाई. छोट्या होडीवर बसवलेली तोफेसारखी बंदूक एका बारात थवाच्या थवा आडवा करी. पोत्यांनी भरलेली बदकं शहरात जात.

लपण परिपूर्ण झालं होतं आणि बदकांची धडगत नव्हती.

कायदा लपणात शिरला

१९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं शेवटचं पॅसेंजर कबूतर मेलं. एके काळी आभाळ झाकून टाकणारा हा पक्षी बेसुमार शिकारीने संपला होता. बदकांचंही तेच होणार, हे दिसू लागलं. १९१६ साली कॅनडातल्या पक्ष्यांसाठी ब्रिटनशी करार झाला आणि त्यावरून १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला. शिकार केलेले पक्षी विकायला बंदी झाली. धंदेवाईक शिकाऱ्यांचा कणाच मोडला.

पण संकट तेवढ्यावर टळलं नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत भीषण दुष्काळ पडला. उत्तरेच्या गवताळ प्रदेशातली, बदकांची पिल्लं जिथे वाढतात ती तळी आटली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वन्यजीव खात्याची सूत्रं दिली एका व्यंगचित्रकाराच्या हाती! 'डिंग' डार्लिंग हे वृत्तपत्रांत नावाजलेले व्यंगचित्रकार आणि स्वतः बदकांचे शिकारी. १९३४ साली 'डक स्टॅम्प'चा कायदा झाला. बदकांच्या शिकारीसाठी दर वर्षी हे सरकारी तिकीट विकत घ्यायचं आणि त्या पैशांतून पाणथळ जमिनी राखायच्या. पहिल्या तिकिटावरचं चित्र डार्लिंग यांनीच काढलं. किंमत एक डॉलर. आता ती पंचवीस डॉलर आहे. सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं. या पैशांतून आजवर साठ लाख एकरांहून जास्त पाणथळ आणि गवताळ जमीन राखली गेली आहे.

लगेच पुढच्या, म्हणजे १९३५ साली कायद्याने थेट लपणात पाऊल टाकलं. सिंकबॉक्स बंद. जिवंत बदकं आमिष म्हणून वापरणं बंद. धान्य टाकणं बंद. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत. पुढे १९९१ पासून शिशाचे छर्रेही देशभर बंद झाले. कारण पाण्यात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. शिकारीची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. देशाच्या बहुतेक भागात दिवसाला माणशी सहा बदकं, हा कमाल आकडा.

म्हणजे कायदा म्हणतो, 'लपा, पण बदकाला ओळखण्याची एखादी संधी राहू द्या.' आजचा शिकारी चिखल फासतो, गवत खोचतो, तासन् तास कुडकुडतो, ते याच चौकटीत राहून.

कधी पारडं उलटंही फिरतं. पांढऱ्या स्नो गूज पक्ष्यांची संख्या एवढी वाढली, की उत्तर ध्रुवाकडची त्यांची वसतिस्थानं तेच उकरून उजाड करू लागले. तेव्हा १९९९ मध्ये खास कायदा करून या एका गटापुरते नियम सैल करावे लागले. विजेवर वाजणाऱ्या शिट्ट्यांनाही परवानगी मिळाली. निसर्गाचा तराजू सांभाळायचा, तर माप सारखं तपासत राहावं लागतं.

डोक्यावर मडकं, पाण्यात माणूस

लपण्याच्या कलेत भारतही मागे नव्हता. आपल्याकडच्या पारध्यांची एक जुनी युक्ती तर सिंकबॉक्सच्या तोंडात मारेल अशी. तळ्यात काही मडकी किंवा भोपळे नुसते सोडून द्यायचे. दोन-चार दिवसांत बदकांना त्यांची सवय होते. मग डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून पारधी गळाभर पाण्यात शिरतो. तरंगणाऱ्या मडक्याच्या चालीने हळूहळू थव्यात पोचतो आणि पाण्याखालून पाय धरून एकेक बदक खाली ओढतो. ना आवाज, ना धूर. शेजारच्या बदकाला पत्ता नाही!

संस्थानिकांची आणि साहेबांची शिकार मात्र गाजावाजाची. राजस्थानातल्या भरतपूरला पाणी अडवून, बांध घालून घना पाणथळ फुलवली होती. १९०२ पासून तिथे बदकांच्या शाही शिकारी होऊ लागल्या. बंदूकधाऱ्यांच्या जागा ठरलेल्या. पाहुण्याच्या मानाप्रमाणे जागा! १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. केवलादेव मंदिराजवळच्या दगडी फलकांवर अशा शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. तेव्हा ती अभिमानाची नोंद होती. आज पर्यटक तो आकडा दोनदा वाचतात आणि गप्प होतात.

बंदूक गेली, लपण राहिलं

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. भरतपूर १९५६ साली पक्षी अभयारण्य झालं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून छोट्या पक्ष्यांची शिकार करण्याची वाटही बंद झाली. १९८५ साली भरतपूर जागतिक वारसा स्थळ ठरलं. ज्या बांधांवरून बार उडत, तिथून आता दुर्बिणी रोखल्या जातात.

इंग्लंडमध्ये हेच परिवर्तन एका माणसात घडलं. पीटर स्कॉट तरुणपणी बदकांचे आणि गूज पक्ष्यांचे कसलेले शिकारी. पुढे त्यांनी बंदूक ठेवून दिली. दुसरं महायुद्ध संपताच सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिजला सैनिकांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या खोलीत बसून ते पक्षी पाहू लागले आणि १९४६ मध्ये तिथेच पाणपक्ष्यांसाठी संस्था उभी केली. शिकाऱ्याचं लपणाचं ज्ञान पक्ष्यांच्या कामी आलं.

आपल्याकडचं याहूनही बोलकं उदाहरण आहे ओडिशातल्या चिलिका सरोवराकाठचं मंगलाजोडी गाव. इथे पाणपक्षी मारून विकणं हा अनेकांचा धंदाच होता. बोरूच्या बनात होडी कशी दडवायची, कोणता पक्षी कुठे बसतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. २००० च्या सुमारास याच लोकांना हाताशी धरून गावात पक्षी संरक्षण समिती उभी राहिली. शिकारी राखणदार झाले. आता तेच पर्यटकांना होडीतून नेतात, बांबू टेकवत, आवाज न करता. ज्ञान तेच, होडी तीच. मिळकत मात्र आता जिवंत पक्ष्यावर.

महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे, तसंच उजनीच्या पाण्यावर भिगवणला आणि पैठणच्या जायकवाडीला हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब उतरतात. बंदुकीची भीती सरली, तरी चोरटी जाळी आणि विषप्रयोग पूर्ण संपलेले नाहीत. त्यात नवं संकट आहे हौशी कॅमेऱ्याचं. 'उडतानाचा फोटो पाहिजे' म्हणून होडी थव्यावर घालणारे महाभाग कमी नाहीत. दर उड्डाणाला पक्ष्याची साठवलेली चरबी खर्ची पडते. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासाची ती शिदोरी असते. कॅमेऱ्याने पक्षी पडत नाही हे खरं, पण दमून उपाशी राहिलेला पक्षी वाटेत पडू शकतो.

इथे शिकाऱ्याचा जुना धडा उपयोगी पडतो. पक्ष्यामागे धावू नका. जागा हेरा, लपा आणि त्यालाच तुमच्याकडे येऊ द्या.

थंडीत पाणथळीवर जाताय?

• कपडे खाकी, मातकट किंवा मळकट हिरवे घाला. पांढरा शर्ट आणि भडक ओढणी घरी ठेवा. टोपी घाला म्हणजे चेहरा सावलीत राहील.

• उजाडण्यापूर्वी पोहोचा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. पक्षीही स्पष्ट दिसतात आणि फोटोही चांगले येतात.

• वन विभागाचं लपण किंवा मनोरा असेल तर तिथेच बसा. खिडकीबाहेर हात किंवा मोबाइल काढू नका. निदान अर्धा तास एका जागी बसा. आधी उडालेले पक्षी बहुधा परत येतात.

• होडीत असाल तर नावाड्याला 'आणखी जवळ घ्या' असा आग्रह करू नका. पक्ष्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या, की तिथेच थांबा.

• मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, खाऊ टाकू नका, दगड मारून थवा उडवू नका.

• मुलांना बरोबर न्या आणि त्यांना एक खेळ द्या. दहा मिनिटं अजिबात न हलता, न बोलता बसायचं आणि काय काय दिसलं ते नंतर सांगायचं. जो गवतासारखा बसेल, त्याला सर्वांत जास्त पक्षी दिसतील!